एका ताग्यातले दोन दाजी
मी विद्यापीठात लॅटिस थिअरीवर संशोधन करत होतो, तेव्हा आखाडा बाळापूरजवळच्या आमच्या गावात सगळ्यांचा समज होता की मी कॉम्प्युटर शिकतोय, म्हणजे टीव्ही दुरुस्त करतो. धाकट्या बहिणीच्या लग्नाला आलो, तर ओसरीवर शेजाऱ्यांचा बिघडलेला टीव्ही माझी वाट बघत होता. मी वैतागून अण्णांना, म्हणजे वडिलांना, सांगितलं, "माझा विषय क्रमाचा आहे. कोण कोणाच्या वर, कोण खाली, ते!" अण्णांनी पहिल्यांदाच माझ्या शिक्षणाकडे कान दिले.

कारण घरात घोर तोच होता. मधल्या बहिणीच्या लग्नात मानाचा फेटा उशिरा बांधला म्हणून थोरले दाजी भरल्या ताटावरून उठले आणि थोरल्या बहिणीला घेऊन गेले. तेव्हापासून ती माहेरी आली नव्हती. आता या लग्नाला आली होती, अन् माय तिला डोळ्याआड होऊ देत नव्हती. दाजी पुन्हा रुसले तर लेक कायमची तुटली, असं माय येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती.

त्यात थोरले दाजी नात्याने मोठे, पण वयाने लहान. मधले दाजी नात्याने धाकटे, पण वयाने मोठे, आणि मिशीने तर फारच मोठे. मग आधी फेटा कोणाला?

मी भलताच खूश झालो. कोळसा घेऊन भिंतीवर आकृती काढली. वर आत्याचे यजमान, ते दोघांहून सगळ्याच बाबतीत मोठे. त्यांच्यापासून खाली दोन रेघा, टोकांना दोन दाजी. "या दोघांच्या मधी रेघच न्हाई, अण्णा. लहान-मोठं ठरतच न्हाई."

"मंग?"

"जिथं क्रम न्हाई, तिथं कॉम्प्युटर दोन्ही कामं एकदमच करतो. तुमी एकाला बांधा, काका दुसऱ्याला."

"एवढ्यासाठी इतकी वर्षं शिकून राहिला व्हय?" अण्णा म्हणाले, पण त्यांना पटलं. माय फक्त भिंतीकडे बघून म्हणाली, "चुना कालच मारला होता."

आमच्याकडे फेट्याचं कापड अख्ख्या ताग्यातून माणसागणिक फाडतात. आत्याच्या यजमानांचा फेटा झाल्यावर दोघांपुरतंच कापड उरलं. त्याचं एक टोक अण्णांनी घेतलं, दुसरं काकांनी. मी "हं!" म्हणालो आणि दोघे जीव तोडून बांधू लागले. अण्णांना वाटलं काका फाडतील, काकांना वाटलं अण्णा. माझ्या सिद्धांतात फाडायची पायरीच नव्हती. माझे गाईड अशा जागी लाल प्रश्नचिन्ह काढायचे.

फेटे एकदम झाले. टाळ्या पडल्या. मधले दाजी ऐटीत उठले आणि थोरल्या दाजींची मान त्यांच्यामागे निघाली.

"फाडा की ते!" कोणीतरी ओरडलं.

"मानाचा फेटा डोक्यावर फाडता काय?" थोरले दाजी कडाडले.

"बरं, मंग सोडू."

"आधी त्याचा सोडा!"

"माझा काहून आधी?" मधले दाजी.

सोडण्याचाही क्रम लागेना. टोपॉलॉजीत ज्याला अखंड म्हणतात, तसे ते दोघे पंगतीला जाऊन बसले.

आणि व्हायचं तेच झालं. वरणावर तूप वाढणारा थोरल्या दाजींना विसरून पुढे गेला. दाजी लाल झाले, ताट सरकवून ताडकन उठले. माय हातातला तांब्या टाकून धावली. पण मधल्या दाजींची मान गर्रकन वळली आणि तोंडाशी आलेली बुंदी मिशीत सांडली.

"बसा हो! मला जेवू द्या!"

थोरले दाजी बसले. पुन्हा तणतणत उठले, पुन्हा मिशीत बुंदी, पुन्हा बसले. मग त्या मिशीकडे बघून त्यांना असं हसू फुटलं की ठसका लागला. पाणी मधल्या दाजींनीच पाजलं.

थोरल्या बहिणीने घाबरत जवळ येऊन विचारलं, "निघायचं का आपण?"

"कसं निघू?" डोळे पुसत दाजी म्हणाले. "ह्यांचं जेवण व्हायचं हाय अजून. तू राह्य आता चार दिवस."

माय पदर तोंडाला लावून माझ्याकडे आली. म्हणाली, "लेकरा, तो टीव्ही न्हाई झाला तरी चालंल."