दुधाच्या खोलीतली फळी

आसारामनं आजवर समुद्र पाहिलेला नाही, आणि त्याचं त्याला काही वाईटही वाटत नाही. तरी समुद्राच्या लाटेवर उभं राहायच्या फळीला चकाकी कशी आणायची, हे घाटनांदूरच्या पंचक्रोशीत विचारायचं झालं तर त्यालाच विचारावं लागतं. दुसरं कुणी हे विचारायला येत नाही, हा भाग वेगळा.

घाटनांदूरपासून चार किलोमीटरवरच्या एका गावात, मेंढरं राखणाऱ्या धुळाजीच्या पोटी तो जन्मला. बारावीला दोनदा बसला आणि दोन्ही वेळा उठला. मग गावच्या सहकारी दूध संस्थेत टेस्टर म्हणून लागला तो सोळा वर्षं तिथंच. काम एकच. आलेलं दूध ढवळायचं, नमुना काढायचा, काचेची नळी सोडायची आणि आकडा मोठ्यानं सांगायचा. आकडा खाली आला की कॅन परत. मग ती गल्लीतल्या ताराबाईची असो नाहीतर चेअरमन मोहनरावांच्या घरची. ताराबाई त्यानंतर वर्षभर त्याच्याशी बोलली नाही. मोहनराव बोलत राहिले, पण लक्षात ठेवून.

पुढं दुष्काळाचं साल आलं. जनावरं चारा छावणीत गेली, दूध कॅनवरून तांब्यावर आलं आणि एका सकाळी कुणीच आलं नाही. संस्थेची खोली तेवढी राहिली. छतापर्यंत पांढऱ्या फरशा, जाड भिंती, एकच जाळीची खिडकी, मधोमध मोरीकडं उतार. चावी आसारामच्या करगोट्याला. ती कुणी मागितली नाही, म्हणून त्यानं दिली नाही.

त्याच उन्हाळ्यात त्याचा मेहुणा सटवा मालवणहून एक फळी घेऊन आला. सटवा तिकडं मासळीच्या टेम्पोवर ड्रायव्हर. टेम्पोत गोधडीत गुंडाळलेली, माणसापेक्षा हातभर लांब, दोन्ही टोकांना निमुळती अशी ती चीज उतरताना गल्लीत आधी कुजबुज झाली, की कुणी तरी गेलं. गोधडी सोडल्यावर निघाली पांढरीशुभ्र फळी.

सटवानं सगळा उलगडा केला. मालवणच्या किनाऱ्यावर एक मालक लोकांना लाटेवर उभं राहायला शिकवतो. फळ्या स्वतःच बनवतो. आत थर्माकोलसारखा फोम, वर काचेचं कापड, त्यावर इपॉक्सी रेझिन. सगळं जमतं, पण शेवटचा चकाकीचा थर काही जमत नाही. तिथली हवा दमट, रेझिन वाळता वाळता त्यावर धुकं धरतं.

"मालक म्हणला, कोरडी हवा कुठं भेटंल?" सटवा सांगत होता. "मी म्हणलं, साहेब, आमच्याकडं सध्या तेवढंच पिकतंय. अन् दाजी, तुमचं बी सांगितलं. माझ्या दाजीचा हात मापाचा हाय म्हणलं."

"मला न इचारता सांगितलं?"

"इचारलं असतं तर तुमी न्हाई म्हणला असता."

करार साधा होता. ही एक फळी करून दाखवायची. जमली तर पावसाळ्यानंतरच्या हंगामासाठी वीस फळ्या इकडंच येणार. न जमली तर सटवानं ती परत न्यायची आणि पुन्हा दाजीचं नाव काढायचं नाही.

आसारामनं फळीवरून नखाची मागची बाजू फिरवली, जशी तो कॅनच्या कडेवरून फिरवायचा, आणि ती उचलून सरळ दुधाच्या खोलीत नेली. त्या खोलीइतकी बिनधुळीची जागा तालुक्यात दुसरी नव्हती.

बातमी मोहनरावांकडं पोचायला दुपारही लागली नाही. ते स्वतः आले. त्यांच्या पुतण्याला सिमेंटची एजन्सी घ्यायची होती आणि गोदाम म्हणून ही खोली त्यांनी मनात केव्हाच देऊन टाकली होती.

"आसाराम, हे काय बे?"

"फळी हाय, चेअरमन साहेब. लाटंवर चढायची."

मोहनरावांनी मागं उभ्या चार माणसांकडं पाहिलं. माणसं हसली. ती त्यासाठीच आणलेली होती.

"गावाला टँकर चार दिसाला येतोय अन् हा लाटंवर चढतोय. रविवारी सर्वसाधारण सभा हाय. ठराव होईल. तवर खेळ काय खेळायचा तो. रविवारी चावी टेबलावर पायजे."

"सभा म्हणली तर देईन. तुमी म्हणला म्हणून न्हाई."

एवढं बोलून आसाराम आत गेला. आतून त्यानं दाराला कडी घातली.

दुसऱ्या दिवशी तो एसटीनं बीडला गेला. रसायनांच्या दुकानदारानं आधी स्वस्तातलं पॉलिएस्टर रेझिन पुढं केलं. आसारामनं मान हलवली. मालकानं फोनवर बजावलं होतं, की फळी इपॉक्सीची आहे, तिच्यावर ते धड चिकटत नाही, आणि कुठं फोम उघडा असेल तर तो खाऊन टाकतं. मग दुकानदारानं टेबलांवर जाड थरात ओततात ते इपॉक्सी काढलं. तेही नको. पातळ, पसरणारं, पाण्यासारखं स्वच्छ आणि उन्हात लवकर पिवळं न पडणारं हवं होतं. तशी बाटली निघाल्यावर आसारामनं ती दारात नेऊन उजेडात धरली आणि आडवी करून आतला बुडबुडा किती सावकाश सरकतो ते बघत बसला.

"दूध घेताय का रेझिन?" दुकानदारानं विचारलं.

"सवय हाय. हे घट्ट करायला हार्डनर कोणतं?"

"फास्ट घ्या. तासाभरात काम खलास."

"आमच्याकडं बेचाळीस डिग्री हाय. भांड्यातच खलास होईल. सावकाशीचं द्या."

इथपर्यंत सगळं शहाणपणानं चाललं होतं. चूक घरी आल्यावर झाली, आणि तीसुद्धा दूधवाल्यालाच सुचेल अशी.

रेझिन आणि हार्डनरचं प्रमाण दोनास एक. वजनानं, काट्यावर, अंदाजानं नाही. भुसार दुकानातला छोटा काटा आणून त्यानं ते तोललं. पण सभेला चारच दिवस उरले होते, सावकाशीचं हार्डनर दिवस खाणार होतं, आणि आसारामच्या डोक्यात सोळा वर्षांचं दूध बोललं. दही लवकर लागायला हवं असलं की विरजण थोडं वाढवतात. त्यानं हार्डनर थोडं वाढवलं.

सकाळी फळी गुळाच्या पाकासारखी चिकट होती. दुपारीही तशीच. बोट लावलं की बोटाबरोबर तार निघे. जाळीतून आलेल्या दोन माश्या त्यावर कायमच्या मुक्कामाला बसल्या होत्या. त्यानं मालकाला फोन लावला. मालक हसला.

"अहो, हे विरजण नव्हे. यातला एक कण दुसऱ्या ठरावीक कणाचा हात धरतो. जास्तीचे झाले ते मोकळेच फिरतात. हे आता कधीच वाळायचं नाही."

आसाराम उंबऱ्यावर बसून राहिला. बायको गीताबाई चहा घेऊन आली, तिनं फळी पाहिली, माश्या पाहिल्या आणि नवऱ्याचं तोंड पाहिलं.

"अवो, नासलेलं दूध आलं की काय करत होता?"

"परत पाठवत होतो."

"मग हे कुठं पाठवता? खरवडा."

तिनं घरातलं उलथनं आणून दिलं. ते पुन्हा स्वयंपाकघरात गेलं नाही. दोघांनी मिळून चिकट थर खरवडला आणि स्पिरिटच्या फडक्यानं पुसला. हाताला आसारामनं गुरांच्या डॉक्टरकडून मागून आणलेले मोजे घातले होते. ते खांद्यापर्यंतचे होते, कारण डॉक्टरांचं काम तेवढं आतलं असतं. गल्लीतली पोरं जाळीतून बघून हसत होती. आसाराम मोज्यातला हात वर करून त्यांना रामराम घालत होता.

आता फळी पाणकागदानं घासायची होती. घासायला पाणी लागतं. पाणी म्हणजे टँकरचं, घरटी मोजून मिळणारं. गीताबाईनं आपल्या वाट्याची एक बादली आणून ठेवली. आसारामनं ती एकच बादली पुरवली. फळीवरून उतारानं मोरीशी आलेलं गढूळ पाणी त्यानं मोरी बोळ्यानं बंद करून भरून घेतलं, दूध गाळायच्या कपड्यातून गाळलं आणि पुन्हा वापरलं. असं चार वेळा. तरी गावात उठलंच, की आसाराम टँकरचं पाणी फळीला पाजतोय.

शुक्रवारी फळी दुधावरच्या सायीसारखी मऊ आणि निस्तेज झाली. चकाकीचा थर द्यायची वेळ आली. मालकानं सांगितलं होतं, की ऊन चढताना थर द्यायचा नाही. फोम तापला की आतली हवा वर येते आणि बुडबुडे धरतात. उतरत्या उन्हात द्यायचा. म्हणून आसारामनं फळी सकाळपासून खोलीत ठेवली, दोन उलट्या कॅनवर आडवी, कडेला चिकटपट्टी लावून, आणि खिडकीच्या जाळीवर जुनं धोतर ताणून. पाच वाजता त्यानं रेझिन तोललं. दोनास एक. काट्यावरचा आकडा त्यानं मोठ्यानं वाचला. ऐकायला कुणी नव्हतं, पण आकडा मोठ्यानं सांगायची सवय होती.

मग ढवळणं. इथं मात्र सोळा वर्षांचं दूध कामाला आलं. नमुना काढण्याआधी दूध असं ढवळायचं असतं की कड अन् बूड सगळं एक व्हावं, पण फेस येऊ नये. फेस आला की आकडा खोटा. त्यानं तसंच ढवळलं, दुसऱ्या भांड्यात ओतलं, पुन्हा ढवळलं, कोऱ्या गाळणीच्या कपड्यातून गाळलं आणि भांड्यात तापू न देता लगेच फळीवर लांबट धारेनं ओतलं. रबरी पट्टीनं पसरलं. शेवटी मऊ ब्रश नुसता टेकवत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेला. थर काचेसारखा बसत चालला.

तेवढ्यात दार वाजलं.

"आसाराम, दार उघड. पुतण्या खोली मोजायला आलाय."

बाहेर संध्याकाळची वावटळ उठली होती. छावणीकडून चाऱ्याची कुसळं आणि माती घेऊन ती गल्लीतून फिरत होती. दार एकदा उघडलं की सगळी ओल्या थरावर.

"उद्या सकाळी या," आसाराम आतून म्हणाला.

"संस्थेचं दार हाय. तुझं घर न्हाई."

"म्हणूनच उघडत न्हाई, साहेब. संस्थेत चांगलं काम चाललंय."

बाहेर गीताबाई पायरीवर बसलेली होती. उरलेल्या गढूळ पाण्यात भिजवलेलं पोतं तिनं दाराच्या फटीला लावलं होतं. ती हलली नाही.

"वहिनी, बाजूला व्हा."

"आत दही लागायला ठिवलंय असं समजा. हलवलं की मोडतंय."

"कावून ऐकत न्हाई तुमी दोघं?"

"तुमचंच ऐकतोय की. रविवार म्हणला होता ना? आज शुक्रवार हाय."

पुतण्यानं बाहेरूनच पावलांनी भिंत मोजली आणि धुळीनं डोळे चोळत तो गेला. मागोमाग मोहनरावही गेले.

रविवारी सभा त्याच खोलीसमोरच्या लिंबाखाली भरली. सभासद चाळीसेक, त्यात बाया जास्त. दूध त्याच घालत होत्या. मोहनरावांनी ठराव वाचला, की संस्था बंद असल्यानं खोली भाड्यानं द्यावी. आसाराम उठला, आत गेला आणि फळी न्यायला आलेल्या सटवाला घेऊन ती बाहेर आणली. दोन कॅनवर ठेवली. लिंबाची फांदी पानापानासकट तिच्यात उतरली. कुणीतरी मागून वर पाहिलं, मग पुन्हा खाली पाहिलं.

"सोळा वर्षं मी तुमच्या दुधाची टेस्ट केली," आसाराम म्हणाला. "आज तुमी करा. ही जमली तर मालवणहून अजून वीस फळ्या येणार हायत. दूध येईपर्यंत खोली चालू राहील, भाडं संस्थेला मीच देईन. पण यात कुणाला खोट वाटली, तर ही चावी."

त्यानं चावी करगोट्यातून सोडून कॅनवर ठेवली.

ताराबाई उठली. सगळ्यांना वाटलं, आता परत पाठवलेल्या कॅनचा हिशेब होणार. तिलाही बहुतेक तसंच वाटलं. तिनं पदर खोचला, फळीच्या टोकापासून बोट फिरवायला सुरुवात केली, अगदी सावकाश, एका बाजूनं गेली, दुसऱ्या बाजूनं आली. शेपटाशी थांबली.

"हितं बुडबुडा हाय. मोहरीएवढा."

मोहनराव खुर्चीत पुढं सरकले.

"हाय," आसाराम म्हणाला. "खालून बघा."

ताराबाई वाकली. शेपटाखाली कागदाची चिठ्ठी चिकटवलेली होती. बुडबुडा एक, उजव्या कडेपासून चार बोटं. आसारामच्या अक्षरात. खाली तारीख आणि सही, जशी तो दुधाच्या वहीत करायचा.

ताराबाई उभी राहिली. तिला कंबर सरळ करायला वेळ लागला.

"यानं माझी कॅन परत पाठवली होती," ती म्हणाली. "पाणी होतं तिच्यात. मीच घातलं होतं. तवा लई राग आला मला." मग फळीकडं बोट केलं. "सवतःची बी खोट लिवून ठिवतोय हा. मोहनराव, तुमचा पुतण्या लिवंल का?"

बाया हसल्या. हे हसणं कुणी आणलेलं नव्हतं.

"ठराव पुढच्या सभेत घेऊ," मोहनराव म्हणाले.

"आत्ताच घ्या. खोली आसारामकडंच ऱ्हाऊ द्या," ताराबाई म्हणाली आणि हात वर केला. मग तिच्या शेजारच्या भिवराबाईनं केला, मग पुरी रांग. मोहनरावांनी हात मोजले नाहीत. मोजण्यासारखं उरलं नव्हतं.

सटवा फळी गोधडीत गुंडाळू लागला. मोहनराव जाता जाता आसारामपाशी थांबले.

"लाट बघितली का रं कधी?"

"न्हाई. तुमी?"

मोहनरावांनी चपला पायात सरकवल्या आणि ते निघाले. आसारामनं कॅनवरची चावी उचलली, करगोट्याला बांधली आणि खोलीत जाऊन खडू घेतला. दारावर जुनी पाटी होती, दूध संकलन सकाळी सहा ते आठ. ती त्यानं पुसली नाही. तिच्याखाली लिहिलं, फळी सायंकाळी पाचनंतर, दार वाजवू नये.