न उघडता परत आलेला डबा

"दोनशे पोरं? अख्ख्या कॉलेजात दोनशे? अगं, आमच्या एका शिफ्टला याहून जास्त माणसं पंच मारतात!"

"पप्पा, तुमच्या शिफ्टला माणसं पंच मारायला जातात. मी शिकायला चाललेय."

"ऐकलंस मैना? ऐकलंस ना, कशी बोलते! नाव ठेवलं प्रियदर्शिनी. एवढं मोठं नाव, की रेशन कार्डावर मावलं नाही. आणि पोरीनं कॉलेज शोधलं एवढंसं!" रामकिसनने चिमटीत मीठ धरावं तशी बोटं करून दाखवली.

मैनाबाई तव्यावरची पोळी उलटत होती. कुंभवलीच्या त्या दोन खोल्यांत उंबऱ्यापासून मोरीपर्यंत शेहेचाळीस डबे रांगेने उघडे बसले होते. अकराच्या आत ते भरून कारखान्यांच्या गेटांवर पोचायचे होते. समोर चिमी लाटत होती. ती रोज मासवणहून यायची आणि बोलायला लागली तरी तिचं लाटणं थांबत नसे.

"तुमी दोगं भांडा खुशाल," चिमी म्हणाली, "पण त्या पंख्याच्या बटनापुढनं सरा. कणीक सुकते हाय."

बापलेक दोन पावलं सरकले आणि पुन्हा सुरू झाले.

"युनिव्हर्सिटी ती युनिव्हर्सिटी. लायब्ररीच किती मजल्यांची! उद्या कुठं कामाला गेलीस आणि नाव सांगितलंस, की समोरचा आधी खुर्ची देईल. तुझ्या त्या कॉलेजचं नाव सांग, तर म्हणेल, हे कुठं आलं?"

"मग मी सांगेन कुठं आलं ते! तिकडे पहिल्याच दिवशी ठरवावं लागतं, केमिस्ट्री की इतिहास. मला दोन्ही पाहिजे. आपल्या बोअरचं पाणी मचूळ का लागतं तेही कळायला पाहिजे, आणि कारखाने यायच्या आधी या जमिनीत कोण काय पेरत होतं तेही. इथं दोन्ही घेता येतं. वर नाटकसुद्धा."

"नाटक!" रामकिसनने कपाळाला हात लावला. "ते तर घरात फुकट चाललंय."

फीचा प्रश्न दोन्हीकडे मिटला होता, म्हणून तर भांडण इतकं चोख होतं. शनिवारपर्यंत एका जागेचा फॉर्म भरायचा होता आणि त्यावर आई किंवा वडील, एकाची सही लागणार होती. रामकिसन सही करणार नव्हता. त्याला कारणही तसंच होतं. युनिव्हर्सिटीच्या यादीत पोरीचं नाव लागलं त्या दिवशी त्याने पेढे वाटले होते. एका शिफ्टला नव्हे, तिन्ही. सुट्टी टाकून दिवसभर गेटवर उभा राहिला, येणाऱ्याला पेढा, जाणाऱ्याला पेढा, सिक्युरिटीवाल्याला दोन. पोरीला विचारायचं तेवढं राहून गेलं.

"एवढं मोठं सोडून एवढंसं धरायचं," तो म्हणाला, "याला काय अक्कल म्हणतात?"

मैनाबाईचा हात तव्यावर थबकला. हेच वाक्य, याच खोलीत, याच माणसाने अकरा वर्षांपूर्वी तिला ऐकवलं होतं.

परभणीकडून लग्न होऊन ती इथं आली, तेव्हा शेजारच्या खोल्यांत सडे कामगार वडापाववर दिवस काढत. तिने तीन डबे सुरू केले, त्यांचे तीस झाले. आपल्याच जुन्या लुगड्यांच्या चिंध्या ती डब्यांच्या कड्यांना बांधायची. जांभळी चिंधी म्हणजे लसूण नको, हिरवी म्हणजे साखरेचा त्रास, लाल म्हणजे गोरखपूरचा बबलू, ज्याला रोज कच्चा कांदा लागे. मग बबलूच्याच कंपनीचं कॅन्टीन चालून आलं. तीनशे ताटं! तिने डबे बंद केले. कॅन्टीन झोकात चाललं. तिसऱ्या महिन्यात बबलूचा खोलीतला जोडीदार गावाहून परतला, तर हा कावीळ होऊन खाटेवर पडलेला, पाणी मागायलाही उठवत नव्हतं. चार दिवस तो जेवायला आला नव्हता आणि मैनाबाईला पत्ता नव्हता. डबा असता तर पहिल्याच दुपारी भरलेला परत आला असता, आणि डबा न उघडता परत आला की ती त्या माणसाच्या खोलीवर जाऊन दार वाजवायची. तो तिचा नियमच होता.

बबलू वाचला. मैनाबाईने कॅन्टीन सोडलं आणि पुन्हा डबे सुरू केले. आळीने तिला वेड्यात काढलं, नवऱ्याने तर आधीच काढलं होतं.

पोळी करपल्याचा वास आला. तिने ती बाजूला टाकली आणि म्हणाली, "दोन दिवस डबे चिमी बघेल. मी दोन्हीकडं जाऊन येते."

"तू?" रामकिसन हसला. "चौथी शिकलेली तू युनिव्हर्सिटीची परीक्षा घेणार?"

"घेते की."

"बाय, एक दिवस वाढला तरी चालल," चिमी म्हणाली, "पण बबलूचा कांदा मी इसरनार. आताच सांगते."

मुंबईत प्रियदर्शिनी लायब्ररी बघायला गेली आणि मैनाबाईने सरळ मेस गाठली. मेसवाला भला माणूस. त्याने तिला डाळ चाखायला दिली. तिच्या डाळीपेक्षा सरस होती, हे तिने मनातल्या मनात मान्य केलं. मग विचारलं, "दादा, एखादी पोरगी दोन दिवस जेवायलाच आली नाही, तर तुम्हाला कधी कळतं?"

"मावशी, इथं नऊशे पोरं जेवतात. कार्ड पंच होतं. महिन्याच्या शेवटी कळतं. आणि नाही आली तर बाहेर खाल्लं असेल की."

घाटावरच्या त्या लहान कॉलेजात भाजी पाणचट होती. मैनाबाईने स्वयंपाकीणबाईंना, अर्चनाताईंना, आधी दाण्याचं कूट कधी घालायचं ते सांगितलं आणि मग तोच प्रश्न टाकला.

"दोन दिवस?" अर्चनाताई पळी हातात घेऊन वळल्या. "अहो, दुसऱ्या जेवणाला मी विचारते. परवा एक नाही आली. जाऊन बघितलं, तर भिंतीकडं तोंड करून नाटकातल्या राणीचं भाषण पाठ करत बसलेली. म्हटलं, राणीसाहेब, आधी भाकरी खा, मग राज्य करा."

मैनाबाई इतकी हसली की डोळे पुसावे लागले. परतताना एसटीत तिने सगळं लेकीला सांगितलं. लेक उखडली.

"आई! जेवलीस का म्हणून कुणी विचारावं, यासाठी मला तिथं नाही जायचंय! मला शिकायला जायचंय."

"तुझं कारण तुझ्यापाशी, माझं माझ्यापाशी. सही एकच लागते ना?"

तिसऱ्या थांब्यावर प्रियदर्शिनीने आईच्या खांद्यावर डोकं टेकलं. "आणि तुला भाजी आवडली असती तर?"

"तर जरा लवकर ठरलं असतं."

शनिवारी सकाळी मैनाबाईने पिठाचे हात धुतले, पुसले, आणि एकेक अक्षर सुटं काढत सही केली: मैनाबाई रामकिसन घुगे. प्रियदर्शिनीने फोटो काढून फॉर्म पाठवला. जागा पक्की झाल्याचा मेसेज आला, तशी ती किंचाळली, चिमी लाटणं घेऊनच उठली आणि दोघी डब्यांच्या रांगेमधून वाट काढत गोल फिरल्या. एकाही डब्याला पाय लागला नाही.

आवाजाने रामकिसन आतून बाहेर आला. त्याची या आठवड्यात दुसरी शिफ्ट होती. फोनवरचा मेसेज त्याने दोनदा वाचला. लेकीचं संपूर्ण नाव तिथं एका ओळीत मावलं होतं. त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला, तो पटकन काढला, आणि मग त्याची नजर डब्यांकडे गेली. प्रत्येक डब्याच्या वरच्या खणात केशरी शिरा होता. शेहेचाळीस डब्यांत शिरा.

"हे काय? आज कुठला सण?"

मैनाबाई झाकणं लावत होती. लाल चिंधीच्या डब्यात तिने कांदा ठेवला आणि कडी बसवली.

"अगं, मी पेढे वाटलेत! तिन्ही शिफ्टला! आता गेटवर लोक विचारतील, युनिव्हर्सिटी कुठं गेली, रामकिसनभाऊ? मी काय सांगू त्यांना? मैना, तुला विचारतोय मी. काय सांगू?"

मैनाबाईने डब्यांच्या दोन पिशव्या उचलल्या, स्कूटीला अडकवल्या, हेल्मेट घातलं आणि पहिली खेप घेऊन गेटाच्या दिशेने निघून गेली.