बगीच्यातल्या फळ्या

बगीचा फेअर आहे की नाही, यावरून बारावीच्या हिवाळ्यात आमच्या घरी जेवढी भांडणं झाली, तेवढी त्याआधी आणि नंतर कशावरूनही झाली नाहीत. बहुतेक भांडणं मीच पेटवली. भांडणात हरले तरी चालेल, पण ते अर्धवट सोडायचं नाही, हा माझा लहानपणापासूनचा दुर्गुण आहे.

बगीचा म्हणजे खरा बगीचा नव्हे. माझ्या मावसभावाने परदेशातून येताना एक जुना गेम आणून दिला होता. हवेत फळ्या तरंगतात, त्यांवर दोघांनी मारामारी करायची आणि समोरच्याला खाली ढकलायचं. पडला तो मेला. मारामारी कुठल्या मैदानावर करायची ते आधी निवडता यायचं. मैदानं बरीच होती, पण लाव्हा उसळणारं, वादळ येणारं, अशी नशिबावर चालणारी मैदानं आम्ही केव्हाच हद्दपार केली होती. उरली तीन. त्यांना आम्हीच नावं दिली होती : सपाट, नाव (म्हणजे होडी) आणि बगीचा.

दर रविवारी दुपारी जेवणं झाली की आमच्या बैठकीत चौघं जमायचो. मी, शेजारचे दोन भाऊ आणि माझ्या वर्गातला तो. भाऊ अस्सल लखनौचे, मारामारीतसुद्धा ‘आप’ म्हणणारे. तो आमच्यासारखाच मराठी. वडील हवाई दलात, मूळचे नाशिककडचे, आता लखनौमध्येच सरोजिनी नगरला राहायचे. चार गावं फिरून वाढल्यामुळे त्याला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर अर्धंमुर्धं हिंदीत यायचं. फक्त माझ्या आईशी तो निव्वळ मराठीत बोले, कारण आई हिंदीत विचारलेल्या प्रश्नाला वाटीभर चिवडासुद्धा द्यायची नाही.

डाव सुरू व्हायच्या आधी पाटी निघायची. पाटीवर तीन मैदानांची नावं. डाव खेळणाऱ्या दोघांनी एकेक खोडायचं, उरेल त्यावर खेळायचं. पद्धत माझी, पंच मीच, आणि माझ्या मते यापेक्षा न्यायाची पद्धत जगात असू शकत नव्हती. घोडं अडायचं ते त्याच्यापाशी. तो दरवेळी बगीचा खोडायचा. हे ठाऊक असल्यामुळे समोरचा निवांत सपाट खोडायचा, कारण सपाटवर त्याला हरवणं कुणाच्या बापाला जमत नव्हतं. मग उरायची नाव. बिचाऱ्याच्या वाट्याला कायम नाव.

‘‘बगीचा लिस्टमधूनच काढ,’’ तो म्हणायचा. ‘‘वो फेअर नहीं है, यार. फळी कधी पडेल काही सांगता येत नाही.’’

‘‘सांगता येतं की. आधी इशारा मिळतो.’’

‘‘कहाँ मिलता है?’’

‘‘डोळे उघडे ठेवून खेळलास तर मिळेल.’’

बगीच्यातल्या फळ्या हिरव्या, वेलींनी मढवलेल्या. पडायच्या आधी दोन-तीन सेकंद त्या लालसर व्हायच्या. तेवढ्यात उडी मारून दुसऱ्या फळीवर जायचं. आम्हा तिघांना यात काही अवघड वाटत नव्हतं. पाटी येण्याआधी बगीच्यात खेळायचो तेव्हा तो मात्र पडणाऱ्या फळीवर शेवटपर्यंत खुशाल उभा असायचा आणि पडला की रिमोट आपटायचा. धाकटा भाऊ एकदा म्हणाला, ‘‘आप हार मानना सीखिए, भाई.’’ त्यावर तो इतका लाल झाला की मी पाटी मागे लपवली.

माझे बाबा वनस्पतींच्या प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ होते. वाद झाला की त्यांचं एकच म्हणणं, मोजून बघा. मीही हट्टाला पेटले. नाताळच्या सुट्टीत फर्मान काढलं की आता कुणी काही खोडायचं नाही, तिन्ही मैदानांवर पाळीपाळीने खेळायचं आणि मी प्रत्येक डाव वहीत लिहिणार. तारीख, मैदान, कोण जिंकलं, कोण कसं पडलं. मला सिद्ध करायचं होतं की मैदान बरोबर आहे आणि चूक त्याची आहे. हे मी त्याच्या तोंडावर सांगितलंही. तो म्हणाला, ‘‘लिख ले.’’

सुट्टी संपताना माझ्या वहीने मलाच बरोबर ठरवलं. बगीच्यात दोघे भाऊ कधी जिंकले, कधी हरले, मीही तशीच. त्याच्या रकान्यात मात्र सगळ्या फुल्या, आणि प्रत्येक फुलीपुढे माझ्या अक्षरात तेच : फळीबरोबर पडला. सपाटवर तोच मुलगा कुणाला दाद देत नव्हता. मी वही नाचवत बाबांच्या चहाशेजारी नेऊन ठेवली.

त्यांनी आधी कौतुकाने पाहिलं. मग चष्मा पुसला आणि पेन्सिलीने समासात काहीतरी लिहिलं. लिहिता लिहिताच विचारलं, ‘‘फळ्या कुठल्या रंगाच्या आहेत?’’

‘‘हिरव्या. पडायच्या आधी लाल होतात.’’

‘‘आणि हा काय म्हणतो?’’

‘‘म्हणतो, काही दिसत नाही. इशाराच नसतो म्हणतो.’’

माझंच वाक्य माझ्या कानावर पडलं आणि मी वही ओढून त्याच्या फुल्या पुन्हा वाचल्या. चहा तसाच गार झाला.

दुसऱ्या दिवशी तो गणिताची वही परत द्यायला आला. आई गच्चीत उन्हात बसून स्वेटर विणत होती. आम्हीही वर गेलो. टोपलीत लोकरीचे गुंडे होते. मी शक्य तितक्या सहज आवाजात म्हणाले, ‘‘आईला तो हिरवा गुंडा दे ना.’’ त्याने टोपलीत पाहिलं, एक क्षण थांबला आणि तपकिरी गुंडा काढून आईच्या हातात ठेवला.

‘‘अरे, हिरवा मागितला,’’ आई हसली.

‘‘रंगांतलं आपल्याला काय कळतं, काकू,’’ तोही हसला आणि दुसरा उचलला. तो बरोबर निघाला. मला हसता येईना.

कारण त्याला विमान उडवायचं होतं. हे त्याच्या ओळखीच्या प्रत्येकाला ठाऊक होतं. हवाई दलात जायची लेखी परीक्षा तो पास झाला होता, मुलाखतीचं बोलावणं आलं होतं, आणि अर्जात त्याने एकच शाखा लिहिली होती, उडायची. मुलाखतीनंतर वैद्यकीय तपासणी, आणि तिथे डोळे तपासतात. इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेचा फॉर्म त्याच्या वडिलांनी आणून ठेवला होता, पण त्याने तो कोरा ठेवला होता. शेवटची तारीख जवळ आली होती.

त्या संध्याकाळी बाबांनी दार लोटून घेतलं. ‘‘त्याला लाल आणि हिरवा वेगळे दिसत नसावेत. पुष्कळांना असतं हे, आणि स्वतःला ठाऊकही नसतं. रोजचं काहीच अडत नाही ना. पण त्याला आत्ताच सांगायला हवं. निदान डॉक्टरला दाखवेल, तो फॉर्म भरून ठेवेल. मी बोलू का त्याच्या वडिलांशी?’’

‘‘नको,’’ मी म्हणाले. ‘‘मी सांगते. माझं ऐकेल तो.’’

मला खरंच तसं वाटत होतं. आठवडाभर मी मनात वाक्यं जुळवत राहिले. शाळेच्या रिक्षात, प्रयोगशाळेत त्याच्या शेजारी उभी असताना, डब्याच्या सुट्टीत. तोंड उघडायची वेळ आली की त्याचा चेहरा दिसायचा आणि वाक्य विरून जायचं. इतर वेळी माझी जीभ कुणाला ऐकत नाही. त्या आठवड्यात ती मलाही ऐकेना.

रविवार उजाडला. चौघं जमलो. मी पाटी घेतली, ओल्या फडक्याने बगीचा पुसून टाकला आणि तिथे दुसऱ्या एका मैदानाचं नाव लिहिलं. वहीत त्या दिवसाची तारीख घालून खाली लिहिलं : बगीचा बंद.

मोठा भाऊ उखडला. ‘‘ये क्या बात हुई? आप ही तो कहती थीं कि सबसे फेअर वही है।’’

‘‘पंच मी आहे,’’ मी म्हणाले. ‘‘कारण सांगायला मी बांधलेली नाही.’’

तो मात्र इतका खूश झाला की त्याने पाटीच उचलून नाचवली. ‘‘आखिर मान गई ना? मी म्हणत होतो, गडबड मैदानात आहे.’’ त्या दुपारी तो सपाटवर एकामागून एक डाव जिंकला. मी त्याच्या नावापुढे खुणा करत होते आणि मला इतकं हलकं वाटत होतं, की जणू सांगायचं ते सांगून झालं. त्या हलकेपणाची मला आजही लाज वाटते.

जेवताना बाबांनी विचारलं, ‘‘बोललीस?’’

मी म्हणाले, ‘‘हो.’’

‘‘काय म्हणाला?’’

‘‘बघतो म्हणाला.’’

बाबांनी मान हलवली आणि भात कालवला. ते कधी खोटं बोलत नसत, त्यामुळे कुणी आपल्याशी खोटं बोलेल हे त्यांच्या डोक्यात येत नसे.

त्यानंतरच्या मंगळवारी मी माझा फॉर्म पोस्टात टाकायला हज़रतगंजला गेले. तो सोबतीला आला. धुकं दुपारपर्यंत ओसरलं नव्हतं, पोस्टात रांग लांब होती. मी पाकीट छातीशी धरून उभी, तो खिशात हात घालून शेजारी. चार दिवस हातात होते. त्याचा फॉर्म घरी टेबलावर होता, भरायला अर्धा तास पुरला असता.

‘‘तूपण भरून टाक ना,’’ मी म्हणाले. ‘‘पडून राहील, काय बिघडतं.’’

‘‘किसलिए?’’

‘‘असंच. काही झालं तर.’’

‘‘क्या होगा?’’ तो माझ्याकडे वळला. ‘‘तुला वाटतं मी फेल होणार?’’

‘‘तसं नाही रे.’’

‘‘फिर कैसे? बोल ना. पापाही हेच म्हणतात, फॉर्म भर, फॉर्म भर. तू तरी नको म्हणूस.’’

रांग एक पाऊल पुढे सरकली. ‘तुझे डोळे तपासून घे.’ चार शब्दांचं वाक्य होतं. ते जिभेवर आलं होतं. मी म्हणाले, ‘‘बरं, राहू दे.’’ खिडकीपलीकडच्या माणसाने माझ्या पाकिटावर शिक्का मारला. बाहेर येऊन आम्ही चाट खाल्ली. त्याने माझ्या वाटणीची टिक्कीही संपवली.

शनिवारी तारीख उलटली. मी त्या दिवशी फोनपाशी तीनदा गेले आणि तीनदा परत फिरले. नंतर मनाला समजावत राहिले की माझा अंदाजच चुकला असेल, लोकरीचा एक गुंडा म्हणजे काही तपासणी नव्हे.

मुलाखतीत तो निवडला गेला. त्याच्या आईने पेढे वाटले, आमच्याकडेही डबा आला. बाबांनी पेढा हातात घेऊन मला विचारलं, ‘‘डॉक्टरला दाखवलं होतं ना त्याने?’’ मी म्हणाले, ‘‘दाखवलं असेल.’’ त्यांनी पेढा परत डब्यात ठेवला.

वैद्यकीय तपासणीहून तो होळीच्या आधी परतला. चारबाग स्टेशनवर उतरून घरी न जाता बॅगेसकट आमच्याकडेच आला. आई घरात नव्हती. त्याने पाणी मागितलं, उभ्यानेच प्यायला आणि सांगितलं, ‘‘रंगांचे ठिपके असलेलं पुस्तक होतं. डॉक्टर विचारत होता, कितना लिखा है. मला काही लिहिलेलंच दिसत नव्हतं. मुझे लगा, मज़ाक कर रहा है.’’

मी म्हणाले, ‘‘बस ना.’’

तो बसला नाही. ‘‘पूरे रास्ते सोचता रहा. बगीचा. तुम सब को दिखता था ना? ती वही दे.’’

वही सापडत नाही म्हणावं असं एकदा मनात आलं. पण मी ती आणून दिली. तो पानं उलटत गेला. आपला रकाना त्याने बोटाने वरून खालपर्यंत वाचला. मग बोट समासात गेलं. तिथे बाबांच्या बारीक अक्षरात पेन्सिलीने लिहिलेलं होतं : फळ्यांचा रंग? त्याने पुढचं पान उलटलं. बगीचा बंद, आणि तारीख.

त्याने तारखेवर बोट ठेवलं. ओरडेल, वही फेकेल, म्हणून मी वाट पाहत होते. तसं झालं असतं तर मला बरं वाटलं असतं.

‘‘फॉर्मची तारीख याच्यानंतर होती,’’ तो म्हणाला. ‘‘पोस्टात आपण याच्यानंतर गेलो.’’

मी मान हलवली.

त्याने वही बंद केली आणि माझ्या हातात दिली. आईशिवाय आमच्या घरात तो कुणाशी सबंध मराठीत बोलल्याचं मला आठवत नाही, त्या दिवशी बोलला.

‘‘म्हणजे मी उभा होतो ती फळी लाल झालेली तुला दिसली होती.’’

मी हो म्हणाले.