खिशात नसलेला फोन

दिग्रसचा संघदीप एकटाच बोलतो, हे सगळ्या मोहल्ल्याला पाठ होतं. ऐन पंचविशीत, जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी बांधत असताना, त्याच्या कानात एका माणसाचा आवाज सुरू झाला. माणूस दिसत नाही, नाव सांगत नाही, नुसता शिव्या घालतो. यवतमाळच्या सरकारी दवाखान्यातल्या गोळ्यांनी भीती गेली, झोप आली, दारात इस्त्रीचं टेबल लागलं आणि गिऱ्हाइकंही जमली. कानातला हा बाप्या मात्र ठाण मांडून बसला. आणि संघदीपला तर लहानपणापासून उत्तर दिल्याशिवाय राहवत नाही.

गोळ्या आणायला दर महिन्याला यवतमाळ गाठावं लागे. एकदा तो एकटाच काळीपिवळीतून निघाला आणि वाटेत त्या आवाजाशी तावातावाने भांडला. ड्रायव्हरने भर उन्हात, आर्णीच्या अलीकडे, त्याला उतरवून दिलं. तेव्हापासून त्याची माय इंदूबाई सोबत जायची. आता तिचे गुडघे पार गेले होते. ती तोंडातून चकार शब्द काढत नसे. पण एसटीची पायरी चढताना तिचा चेहरा कसा होतो, ते संघदीपला दिसायचं. आपण एकटे जायला लागलो नाही, तर ही बाई एक दिवस त्या पायरीवरच बसेल, या विचाराने त्याचा जीव खालीवर व्हायचा.

उपाय सापडला बसस्टँडवर. एक कापसाचा व्यापारी हवेत हात नाचवत, कुणाच्या तरी नावाने बोंबलत एकटाच येरझारा घालत होता. लोक सरकून वाट देत होते, चहावाला अदबीने कप धरून उभा. का, तर शेटजींच्या कानात इयरफोन! म्हणजे वेडा आणि मोठा माणूस यांच्यात बोटभर प्लास्टिकचाच काय तो फरक. संघदीपने त्याच दिवशी बाजारातून काळ्या वायरचा इयरफोन आणला. घरात फोन एकच, तो इंदूबाईच्या कमरेला. त्याने वायरचं टोक शर्टाच्या खिशात खोचलं. खिशात दवाखान्याचा कागद तेवढा होता.

"यावेळी मी एकटाच जातो, माय."

"अन् रस्त्यात बोलला तर?"

"बोलन. आजकाल कोन नाही बोलत?"

बसमध्ये त्याच्या शेजारी तांड्यावरची एक म्हातारी बसली, रुपीबाई. आर्णी मागे पडली आणि आवाज आलाच. 'एकटा निघाला मोठा! पोचत नाही तू.'

"पोचतो! तू कोन सांगनारा?" संघदीप मोठ्याने म्हणाला.

कुणी वळूनसुद्धा पाहिलं नाही. पुढचा एक जण फोनवर त्याच्यापेक्षा मोठ्या आवाजात सोयाबीनचा भाव विचारत होता. संघदीपला इतका आनंद झाला, की तो आणखी दोनचार वाक्यं उगाचच बोलला.

तेवढ्यात रुपीबाईने त्याच्या दंडाला हात लावला. "बापू, तुह्यं झालं का मले एक फोन लावून दे. पोरगा स्टँडवर घ्याले येनार हाय."

संघदीपचा हात खिशावर गेला. फोन नाही म्हणावं, तर कानात हे काय? आता ही ओरडणार, बस थांबणार, आणि पुन्हा तेच ऊन. त्याने मान खाली घालून खिशातून वायर ओढली. मोकळं टोक दोघांच्या मध्ये लोंबकळत राहिलं.

रुपीबाईने टोकाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. हळूच म्हणाली, "मंग कोनासंग बोलून राह्यला?"

त्याच्याने खोटं बोलवेना. "एक मानूस हाय. मलेच आयकू येते. शिव्या देते."

"रोज?"

"रोज."

तिने पदर सावरला. आता उठून दुसरीकडे बसणार, असं त्याला वाटलं. पण ती तिथेच बसून राहिली, जरा विचारात पडली, आणि घरातल्या पोराला रागवावं तशी म्हणाली, "मंग कायले आयकत बसतं त्याचं? ठेवून दे ना फोन."

इतक्या वर्षांत डॉक्टरांनी लक्ष देऊ नको म्हणून सांगितलं होतं, मायने गप राहा म्हणून विनवलं होतं, मोहल्ल्याने काय म्हणायचं ते म्हटलं होतं. ठेवून दे, असं कुणी म्हटलं नव्हतं. संघदीपचे डोळे भरून आले. त्याने वायरवरचं बटण दाबलं आणि म्हणाला, "ठेवतो आता. मंग बोलू." आवाज काही लगेच थांबला नाही. पण उत्तर न देता संघदीप खिडकीबाहेर पाहत राहिला, आणि असं आजवर कधी झालं नव्हतं. रुपीबाईने सोयाबीनवाल्याकडून पोराला फोन लावून घेतला.

संध्याकाळी गोळ्यांचं पाकीट घेऊन तो परतत होता. दिग्रस जवळ आलं, तसा तो आवाज पुन्हा कानात सुरू झाला. 'मायले भार झाला तू. तुही वाटसुदिक पाहत नसन ते.'

बस स्टँडात वळली. येऊ नको म्हणून बजावलं होतं, तरी इंदूबाई खांबाला धरून, टाचा उंचावून एकेक खिडकी पाहत होती.

संघदीपने बटण दाबलं. "ठेव आता," तो म्हणाला, "माय उभी हाय."