लोंबकळणारी निळी वायर

"मेल जात नाहीये" हे वाक्य मी इतक्या वर्षांत इतक्यांदा ऐकलंय, की पुढचा प्रश्न माझ्या तोंडून आपोआप निघतो.

"जात नाहीये म्हणजे काय होतंय? स्क्रीनवर काय दिसतंय?"

"काय दिसणार? साधा बिलाचा मेल, तोही आउटबॉक्समध्ये बसलाय. हलत नाही," सावंतसाहेब म्हणाले. "आणि मीनल, आज दुपारपर्यंत काम झालं नाही ना, तर माझी वाट लागली समज."

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ होती. मी मुलुंडला घरी होते. सावंतसाहेबांचा मरोळला इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये गाळा आहे. तिथे डेअरीच्या मशिनांना लागणारी रबरी गॅस्केट बनतात. गॅस्केट म्हणजे आपल्या कुकरच्या रिंगेची चुलत बहीण. कोल्हापूरकडच्या एका मोठ्या डेअरीने त्यांना पहिल्यांदाच ऑर्डर दिली होती. डेअरीची मशिनं त्या रात्री दुरुस्तीला उघडणार होती आणि सकाळी नवी गॅस्केट बसणार होती. माल भरलेला टेम्पो सावंतांच्या गेटवर उभा होता. पण डेअरीची अट होती, आधी टेस्ट रिपोर्ट मेलवर हवा, मगच माल त्यांच्या गेटच्या आत. आज जमलं नाही तर ते जुन्या सप्लायरला फोन करणार, आणि मग पुन्हा सावंतांचं दार कोण कशाला वाजवेल?

मी छोट्या कंपन्यांची कॉम्प्युटर नेटवर्कं सांभाळते. सावंतांकडचं नेटवर्क मीच उभं केलंय. माझी पहिली नोकरी त्यांच्या शेजारच्या गाळ्यात होती, त्यामुळे ते मला अजूनही एकेरीत हाक मारतात. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

"फोन परबताईंना द्या," मी म्हटलं.

परबताई म्हणजे त्या ऑफिसचा कणा. डिस्पॅच, फोन, हजेरी, देवाला हार, सगळं त्या बघतात. कॉम्प्युटर त्यांना आवडत नाही, पण सांगितलेलं अक्षरन् अक्षर करतात. माझ्या धंद्यात अशी व्यक्ती सोन्यासारखी असते. ज्यांना कॉम्प्युटर आवडतो ते माझं अर्धवट ऐकून पुढचं स्वतःच्या मनाने करतात.

"परबताई, ती काळी खिडकी उघडा."

"उघडली. बोल."

ही काळी खिडकी म्हणजे कमांड प्रॉम्प्ट. त्यात चित्रं नाहीत, बटणं नाहीत. आपण एक ओळ टाइप करायची, ती एक ओळ उत्तर देते. नव्या पोरांना ती बघून हसू येतं. मला ती आवडते, कारण ती गोड बोलत नाही. मेलचा प्रोग्राम "काहीतरी चुकलं, पुन्हा प्रयत्न करा" म्हणतो. काळी खिडकी नक्की कुठे चुकलं त्याच्या दिशेने बोट दाखवते.

मी आधी पिंग करायला सांगितलं. पिंग म्हणजे हाक मारणं. "आहेस का रे?" असं समोरच्या मशिनला विचारायचं. ते "आहे" म्हणतं, आणि म्हणायला किती वेळ लागला तेही कळतं. परबताईंनी मेल सर्व्हरच्या नावाने हाक मारली.

"कुड नॉट फाइंड होस्ट म्हणतोय."

मागून एक तरुण आवाज आला. "बघितलं? सर्व्हरच गायब आहे. पप्पा, मी म्हटलं ना, आपलं डोमेन हॅक झालंय!"

हा निखिल, सावंतांचा मुलगा. एमबीए करून नुकताच धंद्यात आला होता. हुशार आहे, फक्त निकाल आधी देतो आणि साक्षीपुरावे नंतर बघतो.

"निखिल, मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून मेल पाठवून बघितलास?"

"हो मॅडम, तसा जातोय."

"मग हॅक कसलं? मेल ठणठणीत आहे. हॉटस्पॉटवरूनच रिपोर्ट पाठवून टाक ना."

"रिपोर्ट असेल तर पाठवू ना! टेस्टिंगचं सॉफ्टवेअर ऑफिसच्या सर्व्हरशी बोलल्याशिवाय उघडतच नाही. तेही 'कनेक्टिंग, कनेक्टिंग' करत बसलंय."

म्हणजे गोष्ट मेलची नव्हतीच. लोक जे बंद पडलेलं आधी दिसतं त्याचं नाव घेतात. ताप आला की माणूस "डोकं दुखतंय" म्हणतो, तसं.

"इंटरनेटवाला येऊन गेला का?"

"आला होता," परबताई म्हणाल्या. "आपला लॅपटॉप थेट त्या डब्याला लावला, व्हिडिओ बघितला, 'हमारे साइड से ओके है' म्हणाला आणि गेला. चहासुद्धा घेतला नाही."

डबा म्हणजे राउटर, ऑफिसचं बाहेर जायचं दार. "आता त्या डब्याला पिंग करा," मी म्हटलं आणि आकडे सांगितले.

राउटर परबताईंच्या टेबलापासून चार हातांवर आहे. त्याचं उत्तर चुटकीसरशी यायला हवं. परबताई देवळात अभंग वाचावा तशा एकेक ओळ वाचू लागल्या.

"रिक्वेस्ट टाइम्ड आउट. रिक्वेस्ट टाइम्ड आउट. आता आला हा, पण बराच वेळ लावलान मेल्याने. परत टाइम्ड आउट. काय गो, ह्येचा लक्ष नाय कामात?"

"ट्रेसरट टाइप करा."

ट्रेसरट रस्ता दाखवतो. तुमचा संदेश इथून निघून कुठकुठल्या थांब्यांवरून जातो, ते ओळीने छापतो. जिथे अडतो तिथे चांदण्या येतात.

"पहिल्याच ओळीत चांदण्या."

म्हणजे मुलुंडहून मरोळला निघालेला माणूस आमच्या सोसायटीच्या गेटवरच अडकला. पुढचा रस्ता मोकळा असून काय उपयोग? बिघाड ऑफिसच्या चार भिंतींत होता. एवढं मला घरबसल्या कळलं, आणि हेही कळलं की पुढचं फोनवर होणार नाही.

"निघते मी. कोणी कशाला हात लावू नका. आणि काल काय काय केलंत ते आठवून ठेवा."

"काल? काल काही केलंच नाही," सावंतसाहेब म्हणाले. "काल दसरा होता. सगळं बंद होतं!"

घाटकोपरहून मेट्रोने मी मरोळला पोचले. गेटवर टेम्पोला झेंडूचं तोरण होतं आणि ड्रायव्हर सावलीत बसून मोबाइल बघत होता. आत प्रत्येक वस्तूला हळद-कुंकू लागलेलं. लेथ, प्रेस, टेस्टिंग मशिन, वजनकाटा, प्रिंटर. राउटरच्या डोक्यावर फूल होतं आणि त्याच्या झरोक्यांत अक्षता.

मला वाटलं, सापडला चोर! राउटर उघडला, तांदळाचे दाणे झटकले, कुंकू पुसलं. तरी पिंग तसाच. माझ्या पिशवीतला जादाचा राउटर लावला. तरी तसाच. कुंकवाची मी मनातल्या मनात माफी मागितली.

"मॅडम, हे सगळं जुनंच झालंय," निखिल म्हणाला. "सगळं क्लाउडवर टाकू या ना."

"टाकू. पण ढगात जायलाही याच दारातून जावं लागतं."

मग मी खुर्चीवर चढून स्विच बघितला. स्विच म्हणजे भिंतीवरची ती चपटी पेटी, ज्यात सगळ्या कॉम्प्युटरच्या वायरी येतात. प्रत्येक वायरीशी एक हिरवा दिवा असतो. एरवी हे दिवे आपापल्या लहरीने लुकलुकतात. इथे सगळे एकदम लुकलुकत होते, एका तालात, भराभर. आरतीला सगळी सोसायटी टाळ्या वाजवते ना, अगदी तसे.

ते बघितल्यावर मला हसू आलं. खाली उभे असलेले सावंतसाहेब चिडले.

"हसतेस काय? टेम्पो उभाय माझा!"

"थांबा. परबताई, राउटरला पिंग चालू ठेवा आणि जे येईल ते मोठ्याने सांगा."

मी एकेक वायर काढून परत लावू लागले. पहिली काढली. "टाइम्ड आउट." लावली. दुसरी. "टाइम्ड आउट." असं चाललं होतं. कोपऱ्यातली एक निळी वायर काढली आणि दिव्यांचा ताल एकदम मोडला. प्रत्येक जण पुन्हा आपापल्या लहरीत.

"आला!" परबताई ओरडल्या. "आला, आला, आला! आता धावतोय नुसता!"

निळी वायर हातात धरून मी तिच्या मागोमाग गेले. ती स्विचमधून निघाली होती, कपाटामागे उतरली होती, तिथून वळसा घेऊन वर आली होती, आणि तिचं दुसरं टोकही त्याच स्विचमध्ये, दुसऱ्या भोकात बसवलेलं होतं.

याला लूप म्हणतात. काय होतं सांगते. नेटवर्कवर काही निरोप सगळ्यांसाठी असतात, "प्रिंटर कोण आहे रे?" असे. स्विच तो निरोप सगळ्या वायरींतून पाठवतो. निळ्या वायरीच्या एका टोकातून तो बाहेर पडला, दुसऱ्या टोकातून परत आत आला. स्विचला वाटलं नवाच निरोप आहे, त्याने पुन्हा सगळ्यांना सांगितला. चाळीतली अफवा फिरून पहिल्याच माणसाकडे येते आणि तोही म्हणतो, "अरे, मीपण हेच ऐकलं!" तसं. क्षणात सगळ्या वायरी त्या एका अफवेने भरून जातात आणि कामाच्या निरोपाला जागाच उरत नाही.

"कोणी लावली ही?" निखिलने विचारलं. "थांबा, सीसीटीव्ही बघू. कळेल आत्ता."

"सीसीटीव्ही कशाक? माका इचार ना!" परबताई चिडल्या की थेट मालवणला पोचतात. "मियां लायलां. तां टोक लोंबाकळत होतां. पूजेक असां बरां दिसता काय?"

हळूहळू गोष्ट बाहेर आली. स्विचखाली जुन्या अकाउंटंटचं टेबल होतं. ते रिटायर झाले, आणि यंदाच्या साफसफाईत टेबल निघालं. त्यांच्या कॉम्प्युटरची वायर भिंतीवर तशीच लोंबकळत राहिली. परबताईंनी ती पुसली, वर उचलली, आणि स्विचमध्ये एक भोक रिकामं दिसलं त्यात नीट बसवली. टक् असा आवाजही आला म्हणे. म्हणजे बरोबरच बसली! त्यानंतर पूजा झाली. पूजा झाल्यावर त्या गाळ्यात दुसऱ्या दिवसापर्यंत काहीच चालू करत नाहीत, हत्यारांना विश्रांती. त्यामुळे बिघाड झाला एका दिवशी आणि कळला दुसऱ्या दिवशी. "काल काहीच केलं नाही" हे सगळ्यांनी अगदी प्रामाणिकपणे सांगितलं होतं.

"परबताई, पण विचारायचं तरी ना कोणाला," निखिल म्हणाला.

"विचारायचं कोणाला? तुझ्या पप्पांनीच सांगितलं. सकाळी गाळ्यात फेरी मारली, त्या वायरीसमोर उभे राहिले, आणि म्हणाले, 'परबताई, लक्ष्मी येणार घरात आणि हे काय लोंबतंय? आवरा ते.' मी आवरलं!"

निखिलने वडिलांकडे बघितलं. मीही बघितलं. सावंतसाहेब छताच्या पंख्याकडे बघत होते.

"पंखा पुसायचा राहिला वाटतं यंदा," ते म्हणाले.

आधी परबताई हसल्या, मग आम्ही सगळेच. पण हसायला फार वेळ नव्हता. निखिल टेस्टिंगच्या खोलीत धावला. सॉफ्टवेअर उघडलं, रिपोर्ट निघाला, परबताईंनी तो तीनदा वाचला आणि मेलला जोडला. या वेळी आउटबॉक्समध्ये तो टेकलासुद्धा नाही. मग आम्ही सगळे त्या स्क्रीनसमोर उभे राहिलो, भात शिजायची वाट बघावी तसे. डेअरीचं उत्तर आलं ते एका ओळीचं होतं. रिपोर्ट मिळाला, गाडी सोडा.

सावंतसाहेब स्वतः गेटपर्यंत गेले. टेम्पोच्या चाकाखाली लिंबू ठेवलं होतं, ते फुटल्याचा आवाज आम्हाला आत ऐकू आला. परत आले तेव्हा त्यांच्या हातात काल उरलेल्या पेढ्यांचा खोका होता. त्यांनी तो आधी परबताईंपुढे धरला.

"घ्या. आणि पुढच्या वर्षी मी काही आवरा म्हटलं, तर आधी मीनलला फोन लावा."

त्या आठवड्यात मी त्यांचा स्विच बदलला. नव्या स्विचला लूप ओळखता येतो. असं टोक बसवलं की तो तेवढं भोक स्वतः बंद करतो आणि बाकीचं काम चालू ठेवतो. परबताईंना मी तसं सांगितलंही, पण त्यांचा त्या स्विचवर विश्वास नाही. निळी वायर काढू नका, तिथे नवं टेबल येणार आहे, असं निखिल म्हणाला होता. म्हणून तिची गुंडाळी करून, टोक मोकळं ठेवून, मी ती खिळ्याला अडकवली होती.

पुढच्या दसऱ्याला पेढे घ्यायला गेले, तेव्हा ती गुंडाळी तिथेच होती. नवं टेबल अर्थातच आलं नव्हतं. वायरीच्या मोकळ्या टोकाला कुंकवाचं बोट लावलेलं होतं आणि वर झेंडूचं एक फूल खोचलेलं होतं.

"हात लावला नाही हां," परबताई म्हणाल्या. "फक्त कुंकू लावलं."

या धंद्यात मी एवढं शिकले. निष्काळजी माणसं नेटवर्क बिघडवतात, त्यांचा अंदाज आधीच असतो. नीटनेटक्या माणसांचा नसतो. आणि त्यांना बदलायच्या फंदात पडू नये. स्विच बदलावा.