अढी उघडायची घाई

उमेळ्याचा फ्रेडरिक केमिस्ट झाला, पण त्याची जुनी खोड काही गेली नाही. त्याची आई, इझाबेल, राजेळी केळ्यांचे घड खड्ड्यात पेंढ्याखाली ठेवून वरून माती लिंपायची. ही तिची अढी. लहानपणी हा पठ्ठ्या हळूच मातीत बोट घालून आत बघायचा. हवा शिरायची, घड अर्धेकच्चे राहायचे. तेव्हापासून अढी उघडायला घरात त्याला कुणी बोलावलं नाही, त्याचं लग्न झालं तरी नाही.

अठ्ठ्याहत्तर साली माणिकपूरजवळच्या सुगंधी द्रव्यांच्या लहानशा कारखान्यात साहेबांनी त्याला परदेशी पूड दिली. ऱ्होडियम धातूचं संयुग, रंग लाल वाइनचा. पुदिन्यासारख्या वासाच्या रेणूत दोन दुहेरी बंध होते. हायड्रोजन लावायचा तो एकालाच. नेहमीचं निकेल दोन्हींवर हात मारायचं आणि वासाची माती व्हायची. ही पूड निवडून काम करायची, फक्त फ्लास्कमध्ये हवा शिरता कामा नये.

पहिल्याच खेपेला फ्रेडरिकनं वास बघायला मधेच बूच काढलं. हायड्रोजन मिळून सोनेरी झालेलं आतलं द्रावण काळपट पडलं. साहेब ओरडले नाहीत, तेच त्याला जास्त लागलं.

"अर्धी पूड उरलीय," ते म्हणाले. "ही गेली की पुन्हा निकेलच."

दुसऱ्या खेपेला त्याचा हात सारखा बुचाकडे जाऊ लागला. शेवटी सोबत काम करणाऱ्या निकोलसला फ्लास्कच्या राखणीला बसवून त्यानं सायकल काढली आणि घर गाठलं. आई अढी लिंपत होती. बुचाची गोष्ट तिला सांगून तो केळीखाली आडवा झाला. पानांतून हिरवा उजेड अंगावर सांडत होता. अर्धवट झोपेत त्याला दिसलं, धातूचा एक कण रेणूला मांडीवर घेतोय, हायड्रोजन भरवतोय, खाली उतरवून दुसऱ्याला उचलतोय. स्वतःसाठी काहीच ठेवत नाहीये. मातीखालीही असंच काहीतरी चाललं असावं, असं त्याला वाटलं, आणि फार दिवसांनी त्याचा जीव निवांत झाला.

उन्हं कलल्यावर तो कारखान्यात परतला. हायड्रोजन मोजायच्या नळीतलं पाणी खुणेपर्यंत चढून थांबलं होतं, म्हणजे लागणारा वायू खपला होता. मग त्यानं बूच काढलं. पुदिना होता, पण मऊ, गोडसर.

कागदाच्या पट्टीवर थेंब घेऊन तो घरी आला. आईनं डोळे मिटून वास घेतला.

"मधी उघडलं नाय ना?"

"नाही, आई."

तिनं पट्टी पदरात बांधली. "मंग रविवारी चर्चमधी मिसा झाली का अढी तू उघड."

फ्रेडरिकचे डोळे भरून आले. त्यानं ते लपवले नाहीत.