आमच्याकडे नॉनव्हेज चालत नाही

त्या रविवारी सकाळी मी एक कादंबरी वाचत होते आणि तिच्यातल्या घरमालकिणीवर मनापासून चिडले होते. आफ्रिकेतून विलायतेत नर्सिंग करायला गेलेल्या एका बाईची ती गोष्ट. मराठी अनुवाद, वाचनालयातून आणलेला. ती बाई फोनवर खोली ठरवते. घरमालकीण गोड बोलते, या म्हणते. दार उघडल्यावर समोर काळा चेहरा पाहते आणि सांगते, खोली कालच गेली. मी पुस्तक उपडं ठेवून नवऱ्याला तो सगळा प्रसंग ऐकवला. "काय एकेक लोक असतात न," म्हटलं. तो कांदा चिरत होता. रविवारचं सावजी मटण आमच्याकडे तोच करतो, आणि मटण करताना तो कोणाचंच ऐकत नाही.

आमची वरची खोली तेव्हा रिकामी होती. आदल्या दिवशी एका मुलीचा फोन आला होता. कॉलेजात शिकते म्हणाली. आताची खोली मंगळवारपर्यंत सोडायची होती आणि दुसरी कुठे मिळत नव्हती. हिंदी मोडकंतोडकं होतं, मला वाटलं केरळची असेल. आवाज मात्र इतका अदबीचा, की मी मनातल्या मनात तिला खोली देऊनही टाकली होती. उद्या सकाळी बघायला ये म्हटलं.

बेल वाजली. दारात उंच, काळीभोर मुलगी. केसांच्या बारीक बारीक वेण्या, हातात कागदपत्रांची फाइल. "टांझानिया," तिनं मी विचारायच्या आधीच सांगून टाकलं, बहुधा सवयीनं.

मी पस्तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला आहे. टांझानियाची राजधानी मला झोपेतून उठवून विचारा. किलिमांजारो मी फळ्यावर किती वेळा काढला असेल त्याला गणती नाही. आणि त्या नकाशातलं माणूस आयुष्यात पहिल्यांदा माझ्या दारात उभं राहिलं, तर माझ्या तोंडून काय निघावं? "हमारे यहाँ नॉनव्हेज नहीं चलता."

आत कुकरची शिट्टी झाली. मसाल्याचा घमघमाट फाटकापर्यंत गेला होता. मुलीनं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा स्वयंपाकघराच्या दिशेनं. "थँक यू, आंटी," म्हणून फाइल छातीशी धरून निघून गेली.

नवरा हात पुसत बाहेर आला. "काहून वं, मटण तर शिजून राहिलं न आपल्या घरी?"

"माहीत आहे मला," म्हणून मी त्याच्यावरच खेकसले. मला लाज वाटली की मी आधी खेकसते, हे त्याला ठाऊक आहे. तो निमूट आत गेला.

मग मला स्वतःचंच कुतूहल वाटायला लागलं. मला तिचा रंग खुपला का? खोटं कशाला बोलू, दचकले होते. शेजारीपाजारी काय म्हणतील, हेही डोक्यात येऊन गेलं. पण नाही म्हणायला नेमकं हेच वाक्य कसं सापडलं? शाकाहाराशी आमच्या घराचा काडीचा संबंध नाही.

ते वाक्य माझं नव्हतंच. मी आठ वर्षांची असताना ते ऐकलं होतं, वडिलांचं बोट धरून, नागपूरच्या महाल भागात. वडिलांनी तरुणपणी नागपुरातच बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. पुढे त्यांची पोस्टातली बदली झाली, आम्ही भंडाऱ्याहून इथे आलो आणि खोली शोधत हिंडलो. जात कोणी विचारायचं नाही. आडनाव विचारायचे, मग जरा थांबून म्हणायचे, "आमच्यात मटण-मच्छी चालत नाही हं." वडील "बरं" म्हणायचे आणि आम्ही पुढच्या दारी. एका म्हाताऱ्या बाईंनी मात्र आडनाव विचारलं नाही, फक्त मटण-मच्छीचं विचारलं. वडील पटकन म्हणाले, "आम्ही खात नाही." मी चकित होऊन वर पाहिलं. त्यांनी माझा हात घट्ट दाबला.

तीन वर्षं आम्ही त्या खोलीत काढली. रविवारी सकाळच्या एसटीनं काटोलला आत्याकडे जायचं, पोटभर मटण खायचं आणि संध्याकाळी परत. निघताना आई साबणानं आमचे हात धुवायची, वास घेऊन बघायची आणि पुन्हा धुवायची. एकदा तिला राहवलं नाही. खिडक्या लावून तिनं मूठभर सुकट भाजली. पाच मिनिटांत घरमालकीणबाई दारात. आई म्हणाली, पोरीचं पोट दुखतंय, हिंग भाजत होते. हे खोटं आहे हे दोघींनाही कळत होतं. आठ दिवसांत आम्ही खोली सोडली.

तर कोणाच्या तोंडावर दार न आपटता ते कसं लावायचं, हे मी महालात शिकले. हुशार विद्यार्थिनी मी, एकदा ऐकलं की पाठ.

दुपारी जेवण गेलं नाही. पुस्तक पुन्हा उघडलं. त्या घरमालकिणीच्या मनात दार उघडल्यावर काय आलं, ते लेखिकेनं कुठेच लिहिलेलं नाही. सकाळी मला ती उणीव वाटली होती. आता वाटलं, लिहिण्यासारखं तिथे काही नसेलच. नुसती घाई असेल, समोरचं माणूस लवकर जावं याची. मुलीला फोन केला, तिनं उचलला नाही. सोमवारी दोनदा केला. मंगळवारी दुपारी उचलला.

"बेटा, रूम खाली है. तू आ जा," मी म्हटलं.

"रूम मिल गया, आंटी," ती म्हणाली. "मैंने बोल दिया, मैं नॉनव्हेज नहीं खाती."

वडिलांनी दाबलेला हात जसाच्या तसा आठवला. "और खाती है?" मी विचारलं.

"बहुत," ती म्हणाली आणि हसली.

विचारायचं खूप होतं. तिची आई काय करते, तिकडे रविवारी काय शिजतं, इथे तिच्या वेण्या कोण घालून देतं. पण हे विचारायची वेळ मी दारातच घालवली होती. म्हटलं, "संडे को हमारे यहाँ खाने आ. मटन रहता है."

मग तिनं पहिल्या फोनवरच्याच अदबशीर आवाजात विचारलं, "आंटी, आपके यहाँ तो नहीं चलता ना?"

"चलता है, बेटा. मैं झूठ बोली थी."

त्या रविवारी ती आली नाही. पुढच्या रविवारी आली. नवऱ्यानं तिला तीनदा वाढलं, तिनं तिन्ही वेळा घेतलं, आणि नाकाडोळ्यांतून पाणी येईस्तोवर तिखट खाल्लं. निघताना ती बेसिनपाशी गेली. साबणानं हात धुतले, वास घेऊन बघितला आणि पुन्हा धुतले. मी टॉवेल घेऊन मागे उभी होते.